तंजावरला जाऊन पोळी-भाजी शोधत हिंडायचं का?

सांगलीच्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. ते थोडक्यात असं:

"मी ५६ वर्षांची. मागे एकदा आम्ही एका सहल कंपनीबरोबर दक्षिण भारत पाहून आलो. बरोबर आचारी होता. रामेश्वरला पिठलं-भात, कन्याकुमारीला श्रीखंड-पुरी, मदुरैला मटकीची उसळ. सगळे खूश होते. मला मात्र घरी आल्यावर चुटपुट लागली, की तिकडची माणसं काय जेवतात हे मी पाहिलंच नाही. आता मुलीच्या ऑफिसातल्या मैत्रिणीच्या आईवडिलांनी आम्हाला कुंभकोणमला घरी जेवायला बोलावलंय. त्याला जोडून जानेवारीत तंजावर, कारैकुडी, मदुरै असं स्वतःच फिरायचं ठरवतोय. मिस्टर म्हणतात, 'मी दोन्ही वेळा चिंचेच्या पाण्यात कालवलेला भात खाणार नाही, माझी भाकरी-चटणी माझ्याबरोबर असेल.' त्यांना मधुमेह आहे. मटण मात्र आवडीनं खातात. सासूबाई ऐंशीच्या पुढच्या, कांदा-लसूण चालत नाही, एकादशी करतात. मला सगळं खाऊन बघायचंय, पण पोट बिघडेल का, भाषा येत नाही, कुणाच्या घरी काही चुकलं तर, अशी धास्ती वाटते. यांच्यासाठी पोळी-भाजी शोधत हिंडू, की मन घट्ट करून एकटीच खाऊ? माझंच काही चुकतंय का?"

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. तुमचं काही चुकत नाही. परगावी गेल्यावर तिथलं अन्न तोंडात पडावं असं वाटणं ही अगदी सरळ गोष्ट आहे. मिस्टरांना आपली भाकरी जवळ असावीशी वाटते, त्यातही काही वावगं नाही. काशी-रामेश्वराला जाणारी आपली माणसं दशम्या आणि चटणीचं गाठोडं बांधूनच निघायची. वय झालेल्या, पथ्य असलेल्या माणसांना आचाऱ्याबरोबरच्या सहलीमुळेच प्रवास घडतो, म्हणून मी त्या सहलींना नावं ठेवणार नाही. पण तुम्ही म्हणता ती चुटपुट खरी आहे. मदुरैला जाऊन मटकीची उसळ खाल्ली, तर मदुरैचं देऊळ पाहून झालं एवढंच म्हणता येईल.

या सहलीत काय खायचं याच्या याद्या तुम्हाला हजार मिळतील. मी सांगेन ते एवढंच, की कधी खायचं ते आधी ठरवा. तमिळनाडूत प्रत्येक पदार्थाची वेळ ठरलेली आहे, आणि गाव त्या वेळेला अगदी चिकटून असतं. आपण पर्यटक काय करतो? सकाळी हॉटेलवर ब्रेड-बटर खातो, दीड-दोनपर्यंत हिंडतो, तीनला भुकेनं कासावीस होऊन जेवायला शिरतो, तेव्हा तिथे बादल्यांचे तळ खरवडायचं काम चाललेलं असतं. मग रात्री नऊला ताट मागतो, तर वेटर इडली-डोसा म्हणतो. आणि आपण गावी येऊन सांगतो, तिकडे इडली-डोशाशिवाय काही मिळत नाही! गावाच्या वेळेला गावाबरोबर जेवलात, तर तुमच्या निम्म्या अडचणी उरणारच नाहीत. ताजं मिळेल, पोट सांभाळलं जाईल, आणि शेजारी चारचौघं जेवत असले की भाषेवाचून फारसं अडत नाही.

सकाळी सातच्या आसपास बाहेर पडा. ही वेळ टिफिनची. तिकडे टिफिन म्हणजे डबा नव्हे, भाताच्या जेवणाखेरीजचं खाणं. इडली, वडा, डोसा, इडिअप्पम म्हणजे तांदळाच्या वाफवलेल्या शेवया, आणि पोंगल. पोंगल म्हणजे तांदूळ आणि मूगडाळ मऊ शिजवून वर तूप, अख्खे मिरे, जिरं, काजू. सासूबाईंना हा मानवेल, कांदा-लसणाचा प्रश्न नाही आणि चावायला त्रास नाही. जड असतो, तेव्हा एक वाटी तिघांत पुरे. कुंभकोणम-तंजावर भागात इडलीबरोबर 'कडप्पा' विचारा. मूगडाळ आणि बटाट्याचा पातळसर, बडीशेपेचा वास असलेला रस्सा असतो. तो त्या भागापलीकडे क्वचित दिसतो, आणि सगळीकडे रोज नसतो, काही ठिकाणी ठरावीक दिवशीच करतात. यात कांदा-लसूण असतो, म्हणून सासूबाईंना नको. मिस्टरांसाठी 'मिळगाय पोडी' मागवा. डाळी आणि सुक्या मिरचीची ही कोरडी चटणी, तिच्यात खळगा करून तिळाचं तेल ओततात. शेंगदाण्याच्या चटणीवर तेल घेऊन भाकरी खाणाऱ्या माणसाला ही परकी वाटणार नाही.

मग कॉफी. कुंभकोणमची 'डिग्री कॉफी' पितळी पेला आणि डवऱ्यात येते. डवरा म्हणजे काठाची खोलगट वाटी. कॉफी पेल्यातून डवऱ्यात, डवऱ्यातून पेल्यात अशी ओतून फेसाळ करायची, तेवढ्यात ती पिण्याजोगी होते. पेला भाजतो, म्हणून काठालाच बोटं लावून उचलायचा, तळाला नाही. साखर आधीच घातलेली असते. मिस्टरांनी ऑर्डर देतानाच 'शुगर इल्लामल' म्हणावं, नंतर सांगून उपयोग नाही. दूध आणि दाट डिकॉक्शनमुळे बिनसाखरेची कॉफीही कडूजहर लागत नाही.

दुपारचं जेवण बारा ते दोन या वेळेत घ्या. एवढं एक पथ्य सगळ्या सहलीत मोडू नका. मोठ्या देवळांचे गाभारे साडेबारा-एकच्या सुमाराला बंद होतात आणि चारच्या आसपास उघडतात, त्यामुळे दिवसाची रचनाही आपोआप बसते. सकाळी देऊळ, मध्यान्ही जेवण, मग विश्रांती, संध्याकाळी पुन्हा देऊळ. बाहेर 'मील्स' अशी पाटी असलेली मेस शोधा. साडेबाराला जिथे बँकेतले लोक, ड्रायव्हर, दुकानदार रांगेत उभे असतील तिथे निर्धास्त शिरा.

केळीचं पान मांडलेलं असतं, निमुळतं टोक तुमच्या डाव्या हाताला. पाणी शिंपडून हातानं पुसून घ्या. आपल्या पानाला जशी डावी-उजवी बाजू असते, तशी तिथलीही मांडणी पक्की आहे. वरच्या अर्ध्या भागात मीठ, लोणचं, परतलेली भाजी म्हणजे पोरियल, डाळ घातलेली भाजी म्हणजे कूटू, पापड. खालचा अर्धा भाग भाताचा. कावेरीचा हा प्रदेश केळीचा, म्हणून केळफुलाचा वडा आणि केळीच्या गाभ्याची भाजी मिळाली तर सोडू नका. गाभ्याची भाजी पांढरीशुभ्र, कुरकुरीत, वर नारळ. हिच्यासाठी तो गाभा चिरताना निघणारे धागे बोटावर गुंडाळून काढावे लागतात, तेव्हा एवढ्या मेहनतीची भाजी रोजच्या मेसमध्ये वाढतात याचं मला दर वेळी कौतुक वाटतं.

भात वाढला की त्याचं आळं करा. आधी थोडा भात वरण-तुपाशी. मग सांबार. मग कुठे वत्तकुळंबू, म्हणजे वाळवलेल्या भाज्यांचं दाट चिंचेचं कालवण. मग रसम. शेवटी ताक किंवा दही आणि भात. मिस्टरांना हा क्रम नीट बघायला सांगा. आपल्या पंगतीतही वरण-भातानं सुरुवात आणि ताकभातानं शेवट असतो. मधली पोळी काढली आणि तिच्या जागी भाताचे आणखी दोन फेरे घातले, की ते जेवण झालं. चिंच फक्त त्या मधल्या फेऱ्यांत असते. ज्याला आंबट सोसत नाही त्यानं वरण-भात, भाज्या आणि ताकभात एवढंच खाल्लं तरी पोटभर जेवण होतं आणि कुणालाही त्यात वावगं वाटत नाही.

रसम पातळ असतं, आळं फोडून पानावरून ओघळतं. सवय नसेल तर पेल्यात मागून घ्या, पिणारे तिथेही आहेत. वाढपी बादली घेऊन धावत येतो आणि तुम्ही 'नको' म्हणेपर्यंत भात पडलेला असतो. त्याला थांबवायला पानावर आडवा हात धरा आणि 'पोदुम' म्हणा, म्हणजे पुरे. थोडं हवं असेल तर 'कोंजम'. पाण्याचा पेला ओठाला न लावता वरून ओतून पितात. तुम्हाला जमतंच. सासूबाईंना ठसका लागत असेल तर त्यांची बाटली जवळ ठेवा. जेवण झालं की पान आपल्याकडे दुमडायचं, वरचा अर्धा भाग खालच्यावर. पलीकडे दुमडू नका, तसं तेराव्या-बिराव्याच्या जेवणात करतात.

चार वाजल्यापासून पुन्हा टिफिन. उडीदवडा, बज्जी, सुंडल, अडै. सुंडल म्हणजे उकडलेले हरभरे किंवा वाटाणे, वर मोहरीची फोडणी आणि ओलं खोबरं. अडै म्हणजे तीन-चार डाळी आणि तांदूळ भरड वाटून केलेला जाड डोसा, बरोबर अवियल, म्हणजे नारळ घातलेली मिश्र भाजी, किंवा गूळ आणि लोणी. मधुमेहाच्या माणसाला हे दोन्ही भातापेक्षा बरे, फक्त गूळ बाजूला. रात्री बहुतेक ठिकाणी टिफिनच असतं, तेव्हा भाताच्या ताटाचा हट्ट धरू नका. रात्रीचं जेवण हलकंच बरं.

आता पोटाची धास्ती. तिचंही उत्तर बरंचसं वेळेतच आहे. ओल्या नारळाची चटणी उष्म्यात लवकर आंबते. सकाळी सातला वाटलेली सकाळीच खा, साडेअकराला उरलेली कुणी दिली तर हात लावू नका. सांबार उकळतं असलेलं घ्या. पाणी सीलबंद किंवा उकळलेलं. बऱ्याच ठिकाणी जिरं घालून उकळलेलं कोमट पाणी ठेवतात, ते चांगलं. गाडीवरचा बर्फ आणि चिरून ठेवलेली फळं टाळा, शहाळं प्या, ते तुमच्यासमोर फोडतात. ओआरएसची पाकिटं जवळ असू द्या. आणि पहिल्या दिवशी सगळं चाखायला जाऊ नका. आपल्या पोटाला एवढ्या चिंचेची आणि उडदाची सवय नसते. बिघडलं असं वाटलं तर एक दिवस दहीभात. तो तिथे छोट्यातल्या छोट्या मेसमध्येही मिळतो. मिस्टरांच्या गोळ्या किंवा इन्शुलिन जेवणाच्या वेळेला बांधलेलं असेल, तर निघायच्या आधी डॉक्टरांना ही सगळी दिनचर्या सांगून वेळा ठरवून घ्या. देवळातल्या रांगेत जेवण लांबलं तर काय करायचं, हेही विचारून ठेवा.

सासूबाईंसाठी 'वेंगायम, पूंडु इल्लामल' एवढं पाठ करा. कांदा, लसूण न घालता. 'शुद्ध शाकाहारी' पाटीवर विसंबू नका, हॉटेलच्या सांबारात छोटे कांदे सर्रास असतात. देवळातला प्रसाद मात्र त्यांना निःशंक चालेल. बऱ्याच मोठ्या देवळांत प्रसादाची खिडकी असते. पुळियोदरै म्हणजे चिंचेचा भात, साखरपोंगल म्हणजे गूळ-तुपातला भात, दहीभात. अनेक देवळांत दुपारी अन्नदान असतं, तिथे सगळ्यांबरोबर बसून जेवायला कसलाही संकोच करू नका. एकादशीची सोय मात्र घरून न्या. आपल्याकडच्या साबुदाण्याचा मोठा हिस्सा तमिळनाडूतल्या सेलम भागातच तयार होतो, पण तिथे त्याची खिचडी होत नाही, खीर होते आणि पापड होतात. तेव्हा राजगिऱ्याचे लाडू, भाजलेले दाणे, खजूर जवळ ठेवा. केळी आणि दूध तिथे पावलोपावली.

तंजावरला गेलात की एक गोष्ट आवर्जून करा. राजराज चोळानं १०१० साली पुरं केलेलं बृहदीश्वराचं देऊळ सगळेच बघतात. पण त्याच देवळाच्या भिंतीवर मराठीत कोरलेला भोसले घराण्याचा इतिहास आहे, दुसऱ्या सर्फोजीराजांनी १८०३ मध्ये कोरवून घेतलेला. तो कुठे आहे ते विचारा आणि सासूबाईंना ती अक्षरं दाखवा. शिवरायांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे १६७५ च्या सुमाराला तिथे गेले, आणि ते राज्य १८५५ पर्यंत टिकलं. सरस्वती महाल ग्रंथालयात संस्कृत आणि तमिळबरोबर मराठी हस्तलिखितं आणि मोडी कागदपत्रं आहेत. स्वयंपाकावरही त्याचा ठसा उरला आहे. उडदाचं पीठ दह्यात कालवून वर फोडणी दिलेली डांगर पचडी तिथल्या मराठी घरांतली. आपल्या डांगराशी तिचं नातं तुम्हाला एका घासात कळेल. वांग्याची रसवांगीही त्यांचीच म्हणतात. पुरणाची पोळी तिथे रस्त्यावर गरम मिळते, डाळीच्या नाहीतर नारळाच्या सारणाची. म्हणून मिस्टरांना साधी पोळी हवी असेल तर चपाती मागा, नाहीतर गोड समोर येईल.

सांबार हे नाव संभाजीराजांवरून पडलं, ही गोष्ट तुम्ही ऐकली असणारच. ती आख्यायिका आहे, पक्का पुरावा नाही. तमिळ घरात जेवताना ती ऐकवू नका. त्यांनी प्रेमानं वाढलेल्या पदार्थावर आपण मालकी सांगायला बसलो असं होतं. मी हे मुद्दाम लिहिते, कारण आपले लोक अभिमानाच्या भरात नेमकं हेच करतात.

आणखी एक. तंजावर-कुंभकोणमकडे आजही मराठी बोलणारी घरं आहेत. त्यांची मराठी जुनी, तमिळ वळणाची, पण आपलं बोलणं त्यांना नीट कळतं. मिस्टर मेसमध्ये बसून 'हे काय, नुसतं चिंचेचं पाणी' असं मोठ्यानं म्हणाले, तर शेजारच्या टेबलावरच्या माणसाला ते लागू शकतं. आणि भाषा कळत नसली तरी तोंड वाकडं केलेलं कुणालाही कळतं. त्यांना हे घरातून निघतानाच सांगा, तिथे सांगू नका.

हिंदीचा आग्रह धरू नका. थोडं इंग्रजी, थोडे तमिळ शब्द, बाकी हातवारे पुरतात. वाढणाऱ्याला 'अण्णा', बाईंना 'अक्का' किंवा 'अम्मा' म्हणा. सांगलीकडच्या माणसाला हे शिकवायला नको.

आता कुंभकोणमचं घर. चपला उंबऱ्याबाहेर. स्वयंपाकघरात आणि देवघरात बोलावल्याशिवाय जाऊ नका, काही घरांत सोवळं पाळतात. आधी पाहुण्यांना वाढायची पद्धत असेल, तर 'तुम्हीही बसा ना' असं एकदा म्हणा, त्याहून जास्त ओढू नका. आपल्या पानातलं उचलून दुसऱ्याच्या पानात घालायचं नाही, नवऱ्याच्यासुद्धा. उष्ट्याचा विचार तिथे कडक आहे. डाव्या हातानं वाढून घ्यायचं नाही की द्यायचं नाही. पदार्थाचा फोटो विचारून काढा, जेवणाऱ्यांचे काढूच नका. एखादा पदार्थ आवडला तर कसा केला ते विचारा. त्या बाई जे सांगतील ते लिहून घ्या, त्यांना बरं वाटेल आणि तुम्हाला घरी करता येईल.

मिस्टरांनी त्या घरी भाकरीचा डबा काढायचा नाही. याबाबतीत मी तुमच्या बाजूनं ठाम आहे. एका दुपारचा प्रश्न आहे. वरण-भात, भाज्या, ताक, एवढं त्यांना सहज जमेल. मधुमेहाचं आधीच कळवलंत तर त्या भात कमी आणि भाज्या जास्त करतील. पायसमचा, म्हणजे तिकडच्या खिरीचा, एक घोट घेऊन बाकी नको म्हटलं तरी चालतं, मात्र अजिबात शिवायचं नाही असं नको.

जाताना काय न्यायचं? सांगलीचे चांगले बेदाणे न्या. टिकतात, ओझं होत नाही, आणि त्यांच्या पायसममध्ये पडतील. बरोबर थोडी फळं आणि मोगऱ्याचा गजरा तिथूनच घ्या. निघताना त्या बाई तुम्हाला आणि सासूबाईंना तांबूल देतील, म्हणजे विड्याची पानं, सुपारी, हळद-कुंकू, फळ किंवा नारळ, कधी ब्लाउजपीस. आपल्या ओटीसारखंच. पदरात किंवा दोन्ही हातांत घ्या. 'कशाला, कशाला' करत परत सारू नका. सासूबाईंना कुंकू लावायचं की नाही याबद्दल काही रीत-विचार असेल, तर मुलीच्या मैत्रिणीला फोनवर आधी सांगून ठेवा, म्हणजे कुणालाच अवघडायला नको.

बाकीच्या दिवसांत मात्र मिस्टरांशी भांडू नका. 'एकदा खाऊन तरी बघा' हे वाक्य या सहलीपुरतं बाजूला ठेवा. त्यानं माणूस आणखी अडून बसतो. दिवसातलं एक खाणं त्यांचं, लॉजवर बसून भाकरी-चटणी आणि बरोबर तिथलं दही. दुपारचं पान सगळ्यांचं. त्यांच्यासाठी पोळी-भाजी शोधत उन्हात हिंडायचं नाही. आणि तुम्ही मन घट्ट वगैरे करू नका, ते भाकरी खात असताना समोर बसून आनंदानं अडै खा.

शिवाय पुढच्या टप्प्यावर त्यांचीच चैन आहे. ज्याला तांबडा-पांढरा रस्सा आवडतो त्याला कारैकुडीला न्यायलाच हवं. चेट्टिनाडच्या मटणात मिरी, बडीशेप, चक्रीफूल असतं, आणि 'कल्पासी', म्हणजे आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूल. तो वास त्यांना लगेच ओळखीचा वाटेल. तिथला नगरथार चेट्टियार समाज व्यापारासाठी ब्रह्मदेश, मलायापर्यंत गेला. त्यांच्या वाड्यांतले खांब ब्रह्मदेशी सागवानाचे, जमिनीवर आत्तंगुडीच्या रंगीत फरश्या, आणि पानावर तिकडूनच आलेल्या काळ्या तांदळाचं गोड, कवुनी अरिसी. वाडा पाहून मग जेवायला बसलात तर या पानाची चव निराळी लागते. तिखट सोसेल एवढंच घ्या, 'कारम कम्मी' म्हणा. तुम्हाला आणि सासूबाईंना कारैकुडीला पांढरं पनियारम मिळेल, वाटलेल्या तांदूळ-उडदाचं तळलेलं, बाहेरून खुसखुशीत.

मदुरैला संध्याकाळनंतर खरी जाग येते. मीनाक्षीचं दर्शन घेऊन बाहेर पडलात की मिस्टरांसाठी करी डोसा, म्हणजे जाड डोशावर मटणाचा खिमा. रात्रीच्या परोट्यापासून त्यांना जरा लांब ठेवा, तो सगळा मैदा आहे. तुम्ही 'परुत्तिपाल' प्या. सरकीचं दूध काढून त्यात गूळ, सुंठ घालतात. सरकी आपल्याकडे जनावरांना घालतात, म्हणून नाव ऐकून मागे सरू नका, गरमागरम आणि पोटाला हलकं असतं. जिगरठंडा हे तिथलं दुधाचं थंड पेय मात्र नावाजलेल्या, गर्दीच्या दुकानातच प्या, त्यात दूध आणि बर्फ दोन्ही असतं. मोगऱ्याचा बाजार सकाळी लवकर बघा.

शेवटी तारखा. जानेवारीत जायचं म्हणता. हवा उत्तम असते, आणि मार्गळी महिन्यात, म्हणजे साधारण मध्य डिसेंबर ते मध्य जानेवारी, देवळं पहाटेच उघडतात आणि पोंगलाचा प्रसाद मिळतो. पण १४ ते १७ जानेवारीच्या आसपास पोंगलाचा सण. त्या दिवसांत मेसचे कामगार गावी जातात, बऱ्याच मेस बंद राहतात, गाड्या भरलेल्या असतात. कुंभकोणमच्या मंडळींनीच सणाला बोलावलं असेल तर तेव्हा जरूर जा, नाहीतर २० तारखेनंतरची तिकिटं काढा. तिकिटं काढण्याआधी एकादशी कधी येते ते पंचांगात बघा आणि त्यांच्याकडचं जेवण त्या दिवशी येऊ देऊ नका. कांदा-लसूण आणि मधुमेहाचं त्या बाईंना आत्ताच कळवा, आदल्या दिवशी नको. त्यांची बाजारहाट आणि वाटण-घाटण तोवर सुरू झालेलं असेल.